फेटा बांधून उतरवलेले दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला कचेरीत जेवणाचा डबा उघडत होते. फोन भाच्याचा, पुण्याहून. "मावशी, तू आधी पोच. आई एकटी हाय," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. काय झालं, कसं झालं, मी काही विचारलं नाही. घाटनांदूरला पोचले तेव्हा बायका त्यांचे हात धूत होत्या. नखांत ऑइल होतं, काळं. एकीने फडक्यावर रॉकेल घेतलं तर अक्का म्हणाली, "राहू द्या. तीस वर्षं मी घासले, न्हाई निघालं." अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, शांता. तिचे मालक उत्तमराव, म्हणजे आमचे दाजी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि तसेच राहिले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

गेलेल्या माणसाविषयी अशा श्रद्धांजलीच्या पानावर गोड लिहायची रीत आहे. मला ती जमेल असं वाटत नाही. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली बाई मी, बी.कॉम.; जमा ते जमा आणि खर्च तो खर्च, असं मांडायला शिकले. दाजींच्या बाबतीत घडलं ते मला तसंच मांडायचं आहे. माणूस जाऊन महिना उलटला. आता रडू येत नाही, नुसती आग होते.

दाजी पशुसंवर्धन खात्यात होते. गावं हिंडायची, जनावरांना सुया द्यायच्या, अडलेल्या गाई सोडवायच्या. पहिली नेमणूक उमापूरकडे. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात रात्रभर अडलेली गाय त्यांनी पहाटे सोडवली. हात धुताना त्यांना कडब्याच्या गंजीतून एक गोल काच दिसली. गाडीचा दिवा. मालक खुशीत होता. म्हणाला, "साहेब, काय देऊ?" दाजी म्हणाले, "त्या कडब्याखाली काय हाय?" "ती व्हय? आज्याची बेबी. निजामाच्या टायमाची. कोंबड्या अंडी घालतेत तिच्यात." भंगाराच्या भावात दाजींनी ती मागितली आणि मालकाने हसत हसत दिली. दोन दारांची, चार माणसं जेमतेम मावतील अशी विलायती गाडी. टायर नाहीत, छत नाही, सीटच्या जागी घुशीचं बीळ. पण इंजिन जागेवर होतं. बदली घाटनांदूरकडे झाली तेव्हा घरातलं सामान आणि ही बेबी एकाच ट्रकमध्ये आली. अक्का म्हणायची, "लोक बदलीत कपाट नेतेत, तुमी मढं न्यायलात." मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबले तर ट्रकभोवती ही गर्दी. एकाने विचारलं, "हे काय हाय बे?" दुसरा म्हणाला, "साहेबाच्या लेकराचा पाळणा दिसायलाय." दाजी चहा पीत म्हणाले, "पाळणाच हाय. अजून लेकरू रांगत न्हाई."

ते लेकरू रांगायला फार वर्षं लागली. सुट्टीचा दिवस आला की दाजी पत्र्याच्या शेडमध्ये. लाकडी सांगाडा पार कुजला होता, तो त्यांनी सागवानात नवा करून घेतला. दारांचे पत्रे धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून वाकवून आणले. सहा व्होल्टचं सगळं काढून बारा व्होल्टचं केलं. डायनॅमो एका मेलेल्या ट्रॅक्टरचा, वायपरची मोटर कशाची होती ते देव जाणे. मूळचे ब्रेक तारेवर चालायचे. ओढले तर लागायचे, नाहीतर रामभरोसे. ते काढून त्यांनी आताच्या गाड्यांसारखे तेलाचे ब्रेक बसवले. हे मुद्दाम लिहिते आहे. त्या गाडीचे ब्रेक पक्के होते. मी स्वतः चालवलेली आहे.

एकच गोष्ट त्यांनी बदलली नाही. त्या काळच्या काही गाड्यांत पायाखालची पेडलं वेगळी असत. डावीकडे क्लच, उजवीकडे ब्रेक आणि मध्ये ॲक्सिलरेटर. आज आपला पाय ब्रेक म्हणून जिथे जातो, तिथे या गाडीत वेग. मी म्हटलं, "दाजी, एवढं सगळं बदललं, हे कावून ठेवलं? जीव घेईल कुणाचा." तर म्हणाले, "चोराची सोय हाय ती. नेली तर फाटकापत्तुरबी जायचा न्हाई." मग बोनेटवर फडकं फिरवत म्हणाले, "आन् हिचं आसं काहीतरी राहू दे की गं. समदंच आपल्या मनासारखं केल्यावर ती बेबी कुठं राहिली?"

गाडी मला त्यांनीच शिकवली, बाजाराच्या मैदानावर, बाजार नसलेल्या दिवशी. माणूस जनावरांतला, त्यामुळे शिकवणंही तसंच. "दाब, दाब. मेंढराच्या मानंवर पाय देती का आसा? वासराला ढुसणी मारल्यावानी नको, गाभण म्हशीला चालवल्यावानी चालव." मी चुकले की अक्काकडे बघून म्हणायचे, "तुझ्या बहिणीला बी.कॉम. कुणी केलं गं? डावं-उजवं कळंना." मी म्हणायचे, "डावं-उजवं कळतं, मधलं कळंना." अक्का मैदानाच्या कडेला दगडावर बसून हसायची. तिने स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. "मला बसायला आवडतं," म्हणायची. मला मात्र त्या गाडीने इतकं बिघडवलं की पुढे कचेरीची जीप शिकताना शिकवणारा दोनदा ओरडला. पण एक नक्की, त्या सगळ्या मुलखात बेबी चालवू शकणारी माणसं दोनच होती. दाजी आणि मी.

एकदा शहरात जुन्या गाड्यांचा मेळा भरला. दाजी पिकअपवर घालून बेबीला घेऊन गेले, मीही बरोबर. तिथे एकेकाच्या गाड्या आरशासारख्या, मालक सावलीत खुर्चीवर, गाड्यांजवळ गणवेशातले ड्रायव्हर. दाजी आपल्या गाडीपाशी फडकं घेऊन उभे. एक गृहस्थ आले, गाडीभोवती फिरले, खुश झाले आणि दाजींना म्हणाले, "छान ठेवलीय. कुणाची गाडी आणलीत?" दाजी म्हणाले, "आमच्या मालकाची." "कोण मालक?" "हे काय, मीच." गृहस्थ हसले, दाजीही हसले. परत येताना केजपर्यंत ते ही गोष्ट परत परत सांगून हसत होते. मी हसले नाही. तेव्हाच त्यांना म्हटलं होतं, यात हसण्यासारखं काही नाही. "तू लई शिकली," म्हणाले, "त्याच्यानं तुला राग लवकर येतो."

आता ते लग्न. गावाचं नाव लिहीत नाही, माणसाचंही नाही. पंचक्रोशीत त्यांना बापूसाहेब म्हणतात, तेवढं पुरे. जमीन आहे, राजकारण आहे, हायवेला हॉटेल आहे. त्यांच्या जनावरांना दाजींनी वर्षानुवर्षं सुया दिल्या. धाकट्या मुलाचं लग्न निघालं आणि मुलाने मोबाइलवर बेबीचा व्हिडिओ पाहिला. झालं. बापूसाहेब स्वतः घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. "साहेब, परण्याला नवरदेव तुमच्याच गाडीत. तुमीच चालवीत आणायची, मानानं. वहिनीलाबी आणा, ताईलाबी आणा." आमच्या भागात लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. आम्ही बौद्ध, आमच्यात ते नाही. पण दाजींना आनंद गाडीचा होता. दोन दिवस पॉलिश करत बसले. नवी सफारी शिवली.

वेशीपाशी पोचलो तर स्वागत जोरात. बापूसाहेबांच्या माणसांनी दाजींना मानाचा फेटा बांधला, भगवा-गुलाबी, तुरा काढलेला. अक्का पदराआड लाजत होती, इतके ते देखणे दिसत होते. नवरदेव मागच्या सीटवर येऊन बसला. बँड सुरू झाला. आणि बापूसाहेबांचा पुतण्या खिडकीशी वाकला. "साहेब, तुमी जरा उतरता का? हितून म्होरं आमचा ड्रायव्हर नेतो." दाजींना आधी कळलंच नाही. म्हणाले, "कावून? मी दमलो न्हाई." पुतण्या इकडेतिकडे बघत म्हणाला, "तसं न्हाई साहेब… गाडी पार देवळाच्या पारापत्तुर न्यावी लागती. म्हातारी माणसं असतेत, सोयरे असतेत. उगं कुणाच्या तोंडाला शब्द नको. तुमी तर समजदार हाव."

मी गाडीशेजारीच उभी होते. मी म्हटलं, "दाजी, गाडी वळवा, घरी जाऊ." मागे नवरदेव बसलेला, समोर बँड, दोन्ही बाजूंना माणसं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि उतरले. फेटा डोक्यावर तसाच. ड्रायव्हर ट्रक चालवणारा, तरणाबांड. त्याला त्यांनी दार धरून सांगितलं, "बाबा, नीट ऐक. मधला ब्रेक न्हाई, मधला ॲक्सिलरेटर हाय. ब्रेक उजव्या हाताला. थांबायचं तर उजवा." पोरगा हसला. "साहेब, मी सोळा चाकी चालवतो. ही तर शेळी हाय." दाजी म्हणाले, "शेळीच हाय. पण शिंगं मधी हायती." तेवढ्यातही त्यांना विनोद सुचला, याचं मला आजही नवल वाटतं, आणि रागही येतो.

गल्लीतून गाडी माणसाच्या चालीने गेली, तिथे ब्रेक लावायची गरजच नव्हती. देवळापुढे थोडा उतार. पारापाशी थांबायचं म्हणून पोराने सवयीने पाय मारला, मध्ये. गाडी उसळली. घाबरून त्याने तोच पाय आणखी दाबला. आम्ही लांब, वेशीकडच्या अंगाला होतो. बँडचा सूर मधेच तुटलेला मी ऐकला, मग आरडाओरडा. दाजी धावले, सफारी-फेट्यासकट. क्लॅरनेट वाजवणारे करीमचाचा पुढच्या चाकाखाली होते. पारावरच्या लोकांना बाजूला सारत दाजींनीच आधी गाडीच्या नाकाखाली खांदा घातला. ज्या पारापाशी ते कुणाला चालत नव्हते, त्याच पारापाशी. तेव्हा कुणाच्या तोंडाला शब्द आला नाही.

शब्द नंतर आला. चाचांना जीपमध्ये घालत होते तेव्हा बापूसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, गाडी खराब दिली तुमी. लेकराचा जीव गेला असता." नवरदेवाला खरचटलंही नव्हतं. ड्रायव्हर कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. पोलिसांत लिहिलं गेलं ते एवढंच, की घरी जोडलेली जुनी गाडी, यंत्रात बिघाड, ताबा सुटला. चालवत कोण होतं आणि मालक कुठे होता, का होता, यातलं काही नाही. खात्याने दाजींकडे खुलासा मागितला. गाडी ठाण्याच्या आवारात गेली, ऊन खात पडली.

करीमचाचांचा पाय मांडीत मोडला होता. दाजी दवाखान्यात डबा घेऊन जायचे. एकदा मी बरोबर होते. चाचा म्हणाले, "साब, तुमे रहते ना, तो चींटी पे बी नई चढती थी वो गाडी. मेरे कू मालूम है." मी म्हटलं, "चाचा, मग एवढंच पोलिसांना सांगा." म्हातारा माणूस, छताकडे बघत म्हणाला, "बेटी, अपना बाजा उन्हीच लोगां की शादियां में बजता." दाजी लगेच म्हणाले, "बराबर हाय, चाचा," आणि भाकरी कुस्करून द्यायला लागले. मला चाचांचा राग नाही. पोट कुणाच्या दारात आहे हे ज्याला माहीत असतं, त्याचं तोंड कसं उघडेल?

गाडी ठाण्यातून सुटली, पण रस्त्यावर आणायला परवानगी नाही. आरटीओतले तपासणीचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी वाट दाखवली : मधलं पेडल काढून उजवीकडे घ्या आणि गाडीत दोष होता, तो दुरुस्त केला, असं लिहून द्या, कागद मोकळे होतील. दाजी म्हणाले, "पेडल बदलतो. पण दोष गाडीत नव्हता. कुठं होता ते लिहून घेत असाल तर आत्ता लिहितो." साहेब हसले. म्हणाले, "आमच्याकडं त्याला रकाना नाही हो." दाजी उठून घरी आले. पुन्हा गेले नाहीत. अक्काने समजावलं, भाच्याने समजावलं, शेजारच्या गुरुजींनी समजावलं. एक सही, की गाडी रस्त्यावर. दाजींचं एकच : "सही केली की मीच सांगितलं आसं होतंय की, मला उतरवलं ते बरं केलं." मी समजवायला गेले नाही. आमच्या घरात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा कुणी नाही असं मला वाटायचं. तेव्हा कळलं, होता.

मग ते गाडी अंगणात चालवू लागले. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, पुढे एकदा, मागे एकदा. रोज संध्याकाळी, निवृत्तीनंतरही. हँडल मारायचं, इंजिन गरम होऊ द्यायचं, मग निघायचं. अक्का मेथीची जुडी घेऊन शेजारी बसायची. "कुठं निघालात, साहेब?" गल्लीतलं कुणीतरी कुंपणावरून विचारायचं. "परळीला." "पोचलात का?" "हे काय, हौदापत्तुर आलो की." लोक हसायचे. सुरुवातीला प्रेमाने हसायचे, नंतर नंतर नुसतेच. अंगणात गाडी चालवणारा येडा साहेब. ज्या पोरांनी बेबीसोबत फोटो काढले होते तीच मागून हॉर्नचा आवाज काढायची. दाजी कुणाला कधी उलटून बोलले नाहीत. हे मला त्यांचं मोठेपण म्हणून सांगायचं नाही. ते बोलले असते तर कदाचित आज असते.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेला, बापूसाहेब आले. हार घातला, हात जोडले, माईक मागून घेतला. "साहेब म्हणजे आमच्या घरचा माणूस. आमच्या धाकट्याच्या लग्नात पहिल्या मानाचा फेटा साहेबांना." मी जागेवरून उठले आणि म्हटलं, "बापूसाहेब, फेटा बांधून कुठं उतरवलं तेबी सांगा." ते शांतपणे म्हणाले, "ताई, दुःखाची येळ हाय. ह्यो इषय आज नको." आणि माना हलल्या. त्यांच्या बाजूने. आमच्या भावकीतल्यासुद्धा. कुणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं. मी शिकलेली, नोकरी करणारी, कुणाच्या दारात पोट नसलेली बाई… मलासुद्धा खाली बसवलं.

मागच्या आठवड्यात ते परत आले. अंगणात खुर्चीवर बसले. बेबी त्यांच्या हायवेच्या हॉटेलपुढे चौथऱ्यावर ठेवायची होती, काचेत, दाजींच्या नावाच्या पाटीसह. कागदांचं ते बघणार होते. "वहिनीनं तेवढं लिहून द्यावं, की गाडीत दोष होता. जुनंच हाय ते. म्हंजी लग्नातली गाडी म्हणून उद्या कुणी इचारायला नको." भाचा म्हणाला, "आई, करून टाक. अंगणात गंजण्यापेक्षा लोकांच्या नजरेत तरी राहील." तो वाईट बोलला नाही. त्याला बापाची गाडी जगवायची होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का बोलली. आयुष्यात ती परक्या पुरुषासमोर मोठ्याने बोललेली मी पाहिली नव्हती. "बापूसाहेब, त्येंनी न्हाई केली सही. मी कावून करू?" मग म्हणाली, "पाटी करायची आसंल तर करा. वर लिवा, हितं आमी साहेबाला उतरवलं. गाडी मी उद्याच्याला पाठवते." बापूसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निघून गेले. भाचा आईशी दोन दिवस बोलला नाही.

आता गाडी शेडमध्येच आहे. रस्त्यावर येणार नाही, कुणाच्या नजरेत राहणार नाही. आम्ही जिंकलो असं मला वाटत नाही. कुणी बघायलाच नसेल तर जिंकलं काय आणि हरलं काय. पुण्याला जायच्या आधी भाच्याने अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायला माणसं बोलावली होती, पावसाळ्यात चिखल होतो म्हणून. अक्काने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. मी कारण विचारलं तेव्हा तिने मला हाताला धरून अंगणात उभं केलं. मुरमात दोन चाकोऱ्या पडल्या आहेत, बैलगाडीच्या वाटेसारख्या खोल, इतकी वर्षं रोज तिथूनच चाकं गेली म्हणून. त्यांत गवतसुद्धा उगवत नाही. सकाळी अक्का अंगणभर सडा टाकते, पण त्या दोन पट्ट्या कोरड्या सोडते. पाण्यानं माती बसती, बुजून जातेल म्हणते. मी त्यांच्या कडेने चालत गेले. भिंतीपासून निघतात त्या सरळ येतात, दारापुढून, हौदापाशी जराशा वळतात, आणि फाटकाच्या हातभर अलीकडे थांबतात. पलीकडे डांबरी रस्ता आहे.